दोरा, शाल आणि मामंजी

रविवारी सकाळी घोडेस्वारीच्या शाळेत एवढी गर्दी लोटली होती की उशिरा आलेल्यांना घोड्याचे फक्त कान दिसत होते. कुंपणापाशी जागा पटकावलेले लोक मागच्यांना बातम्या पुरवत होते.

"बाबांनी डोळे मिटले."

"घोड्याने?"

"घोडा विचारात पडलाय."

रिंगणाच्या मधोमध उभा होता तो शाळेतला सगळ्यात दांडगा घोडा. कागदोपत्री त्याचं नाव सुलतान. पण पागेतली माणसं त्याला मामंजी म्हणत. तो बहुतेक वेळ पाठ फिरवून उभा असायचा, जरा मनाविरुद्ध झालं की नाकपुड्या फुगवायचा, आणि काय बिनसलंय हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्याच्या शेजारी लगामबाबा. अंगात पांढरा झगा, गळ्यात पितळी लगाम, हातात लाल दोऱ्यांचा गुंता. मनगटाला दोरा नसेल त्याने मामंजींवर बसू नये, बसलं तर घोडा नाकारतो, हे त्यांचं पहिलं फर्मान. बाबांना घोड्याचं मन कळतं अशी ख्याती होती. माणसाच्या मनाचं काय, असं कुणी विचारलं नव्हतं, कारण ते त्यांना त्याहून बरं कळत असावं.

"घोडा म्हणजे काय?" बाबांनी विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच दिलं. "घोडा म्हणजे चार पायांवर उभा असलेला विश्वास. त्याला तुमचे सात जन्म दिसतात. म्हणून तो कधी कधी लाथ मारतो."

गर्दीने मान डोलावली. आपले सात जन्म लाथ मारण्याजोगे असणार, याबद्दल कुणालाच शंका दिसली नाही.

मग चमत्कार झाला. बँकेचे मोठे साहेब, वजनदार गृहस्थ, दोरा न बांधता पुढे झाले. बाबांच्या शिष्याने सगळ्यांच्या देखत मामंजींच्या पाठीवर खोगीर चढवलं आणि पोटाखालून जाणारा चामडी पट्टा, ज्याला तंग म्हणतात, तो ओढून बांधला. साहेबांनी स्वतः पट्ट्याखाली बोटं घालून पाहिलं. बोट शिरत नव्हतं. "घट्ट आहे," त्यांनी जाहीर केलं आणि रिकिबीत पाय ठेवून अंग वर उचललं. खोगीर हळूहळू, अगदी सभ्यपणे, एका बाजूला कलत गेलं. साहेब त्याच्याबरोबर गेले आणि घोड्याच्या पोटाखाली जाऊन थांबले. मामंजींनी मान वळवून त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि एक दीर्घ सुस्कारा सोडला.

"नाकारलं," बाबा म्हणाले.

साहेबांची माती झटकून झाल्यावर त्यांच्या मनगटावर लाल दोरा आला. खोगीर पुन्हा चढलं. बाबांनी पुटपुटत घोड्याला रिंगणात संथ फेऱ्या मारवल्या. नंतर शिष्याने घोड्याच्या पाठीवरून एक मोठी शाल टाकली, दोन्ही हात तिच्याखाली घातले, डोळे मिटले आणि थोडा वेळ जोर लावल्यासारखं काहीतरी केलं. याला ते नाभीस्पर्श म्हणत. शाल निघाली, साहेब चढले, आणि तसबिरीतल्या सरदारासारखे बसले. मामंजी निमूटपणे चालू लागले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुंपणाला टेकून हाताची घडी घालून उभ्या असलेल्या डॉक्टरच्या डोळ्यांत मात्र आलं नाही. हाताची घडी ही वैज्ञानिक वृत्तीची खूण आहे असा त्याचा समज होता. तो छातीचा डॉक्टर. दिवसभर लोकांना श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, असं सांगण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. उरलेल्या अर्ध्यात तो गावाच्या विवेक मंडळाचा अध्यक्ष होता. मंडळाच्या सभेला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त असत, पण अध्यक्ष एकदाही गैरहजर राहिला नव्हता.

एरवी त्याने या प्रकारावर एक खरमरीत लेख लिहून हात धुतले असते. पण रिंगणाच्या पलीकडे त्याची सोळा वर्षांची मुलगी, घरातली ठकी, टाळ्या वाजवत होती आणि तिच्या मनगटावर लाल दोरा होता. पुढच्या रविवारी शाळेचं वार्षिक प्रात्यक्षिक होतं आणि त्यात ठकी मामंजींवर बसून पहिल्यांदाच आडव्या दांड्यांवरून उड्या मारणार होती. त्याचंही काही नव्हतं. ती चांगली स्वार होती. पण बाबांचं दुसरं फर्मान असं होतं की दोरा बांधणाऱ्याने डोक्यावर हेल्मेट घालायचं नाही. हेल्मेट म्हणजे घोड्यावर अविश्वास, आणि अविश्वास घोड्याला कळतो. शाळेतली हेल्मेटं आता पागेत उलटी टांगली होती आणि घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार त्यांनी हरभरे मोजत होते.

रात्री जेवताना डॉक्टरने विषय काढला.

"तू हेल्मेट घालणार आहेस."

"पप्पा, हेल्मेट घातलं तर दोरा चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"तुम्ही स्वतः बघितलंत ना आज."

"बघितलं. पटलं नाही."

"तुम्हाला काय पटतं? माझा पहिला दात पडला तेव्हा आजी म्हणाली, उंदीर नवा दात देईल. तुम्ही मला उंदराच्या जबड्याचं चित्र काढून दाखवलं होतंत."

"चित्र बरोबर होतं," डॉक्टर म्हणाला.

"हेल्मेट मी तुमच्यासमोर घालीन आणि रिंगणात गेल्यावर काढीन. आधीच सांगते, म्हणजे खोटं बोलले असं नको व्हायला."

डॉक्टरने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्या पानात आमटी वाढली. "घोड्याचं काय ते घोड्यापाशी जाऊन बघा की," ती म्हणाली. "आमटीत घोडा सापडणार नाही."

डॉक्टर कामाला लागला. त्याचा पहिला सिद्धांत असा की बाबा घोड्याला गुंगीचं औषध देतात. त्याने ओळखीच्या पशुवैद्याला गळ घालून मामंजींचं रक्त तपासून घेतलं. पशुवैद्याचा निरोप आला, घोडा ठणठणीत आहे, तुमचा रक्तदाब कधी तपासला होता? दुसरा सिद्धांत, खोगिराखाली खिळा. ज्याला दोरा नाही त्याच्या वेळी खिळा टोचतो, घोडा बिथरतो, वगैरे. हा सिद्धांत त्याला इतका आवडला की मामंजी बिथरलेच नव्हते, सुस्कारा सोडून स्वस्थ उभे होते, ही बारीकशी अडचण त्याच्या ध्यानात आली नाही. तो तडक पागेत शिरला आणि घोड्याच्या मागून हात पुढे केला.

कुणीतरी त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. ते शाळेचे चालक होते. पूर्वी घोडदळात होते, म्हणून सगळे त्यांना रिसालदार म्हणत.

"मागून जाऊ नका, डॉक्टरसाहेब. ठीक पाठीमागचं त्याला दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला तो आधी लाथ मारतो, मग ओळख विचारतो. बाजूने या. बोलत या."

"काय बोलू?"

"काहीही. त्याला अर्थ नको असतो, आवाज हवा असतो. कान तुमच्याकडे वळले की समजा तो ऐकतोय. कान मागे चिकटले की आपण आपल्या घरी जायचं."

"म्हणजे हा तापट आहे?"

"तापट कसला. भित्रा आहे. घोडं हे मुळात पळून जाणारं जनावर. वाऱ्याने उडालेली कागदाची पिशवीसुद्धा त्याला वाघ वाटते. एवढं मोठं अंग आणि काळीज सशाचं. आपण त्याला राग समजतो."

डॉक्टरने खोगिराखाली हात फिरवला. केस निघाले, घाम निघाला, खिळा निघाला नाही. मामंजींनी तेवढ्यात त्याच्या खिशातलं पेन तोंडात घेऊन पाहिलं आणि नापसंत केलं.

राहता राहिला प्रत्यक्ष प्रयोग. बुधवारी संध्याकाळी, सरावाला जमलेल्या मंडळींसमोर, डॉक्टरने जाहीर केलं की तो दोरा न बांधता मामंजींवर बसणार. त्याने आधी छोटंसं भाषणही केलं. त्यात 'निरीक्षण' हा शब्द पुष्कळदा आला. मग हरभरे ओतून हेल्मेट डोक्यावर चढवलं, तंग ओढून पाहिला, घट्ट होता, आणि तो रिकिबीत पाय रोवून उठला. पुढचं वर्णन थोडक्यात करायचं तर डॉक्टर घड्याळाच्या काट्यासारखा बारावरून निघाला आणि सहावर पोचला. जमिनीवरून त्याला मामंजींचं पोट आणि त्यापलीकडे हसणारे बरेच पाय दिसले. एक पाय ठकीचा होता. तो हसत नव्हता, लाजेने मातीत रेघा ओढत होता. तेच त्याला जास्त लागलं.

"डॉक्टर," बाबा वाकून मायेने म्हणाले, "फुप्फुसं तपासणं वेगळं, हृदय तपासणं वेगळं. मामंजींनी आता तुमचं हृदय तपासलं. प्रयोगच करायचाय ना? मग दोरा बांधूनही करा. विज्ञान अर्ध्यावर सोडू नये."

ही अशी जागा होती की कोणत्याही शहाण्या माणसाने चहा प्यायला निघून जावं. पण डॉक्टरला वाटलं, बरोबर आहे, तुलना हवीच. त्याने मनगट पुढे केलं. दोरा आला, हेल्मेट उतरलं, फेऱ्या झाल्या, शाल पडली, शाल उठली, डॉक्टर चढला. आणि बसला. मामंजी चालू लागले. रिंगणाला एक वळसा, दुसरा वळसा. गार वारा तोंडाला लागत होता, खालची माणसं जरा लहान दिसत होती, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरला असं वाटलं की एका मोठ्या, अबोल, पोक्त जनावराने आपल्याला पास केलं आहे.

विद्यार्थ्यांना तो नेहमी बजावत असे, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. इथे दोरा बदलला होता, फेऱ्या बदलल्या होत्या, शाल बदलली होती. पण कौतुक व्हायला लागलं की हिशेबनीस मनुष्यसुद्धा बेरीज विसरतो, मग डॉक्टरचं काय घेऊन बसलात. इतक्या वर्षांच्या विवेकाची खोगीरभरती एका वळशात गळून पडली.

दोरा संध्याकाळी काढू, असं त्याने ठरवलं. मग अंघोळीच्या वेळी काढू म्हणाला. गाठ ओली झाल्याने सुटेना, म्हणून वाळल्यावर काढू म्हणाला. शुक्रवारी त्याची जुनी मोटार पहिल्या किल्लीला सुरू झाली तेव्हा त्याची बोटं आपोआप मनगटाकडे गेली. त्याने ती घाईघाईने चक्रावर ठेवली, जणू कुणी पाहिलंच असतं.

"या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट?" बायकोने विचारलं.

"संसर्ग," डॉक्टर म्हणाला.

"कसला?" तिने विचारलं, पण उत्तराची वाट न बघता ती आत गेली. ती भूमिती शिकवायची. सिद्धता अपुरी असली की ती तशीच सोडून द्यायची, विद्यार्थ्याला स्वतः कळेपर्यंत.

रविवार उजाडला. प्रात्यक्षिक सुरू व्हायला वेळ होता, म्हणून डॉक्टर दवाखाना आटोपून मग जाणार होता. शेवटचा उमेदवार अग्निशमन दलाच्या भरतीसाठी छातीच्या मापाचा दाखला घ्यायला आला होता. किडकिडीत पोरगा. डॉक्टरने टेप गुंडाळली, आकडा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. एवढ्याशा अंगाला ही छाती?

"व्यायाम करता?"

पोरगा तोंड मिटून जोरात मान हलवत होता. चेहरा लालबुंद झाला होता.

"नाव काय तुमचं?"

नाव सांगायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं. पोरग्याने तोंड उघडलं, भस्सकन हवा गेली, आणि छातीवर घट्ट बसलेली टेप सैल होऊन घसरत घसरत कमरेला जाऊन लोंबू लागली.

"माफ करा डॉक्टर," पोरगा म्हणाला. "दम भरून धरला होता. सगळेच धरतात."

डॉक्टर त्या लोंबणाऱ्या टेपकडे बघत राहिला. पट्टा ओढताना घट्ट. बोट शिरत नाही. मग एक दीर्घ सुस्कारा, आणि पट्टा सैल.

"मामंजी," तो म्हणाला.

"नाही, माझं नाव..." पोरगा सांगू लागला, पण डॉक्टर गळ्यात नळी तशीच ठेवून दाराबाहेर पडला होता. आयुष्यभर हेच एक काम, दम धरलेल्या माणसाला ओळखणं. माणसांत रोज ओळखलं आणि घोड्यात ओळखता आलं नाही, कारण घोडा आपल्याला पास करतोय या आनंदात तो स्वतःच फुगला होता.

रिंगणाच्या दाराशीच रिसालदार भेटले.

"घोडा पोट फुगवतो का?" डॉक्टरने धापा टाकत विचारलं.

"काही काही फुगवतात. मामंजी तर त्यात नामांकित. तंग आवळायला घेतला की दम भरून उभा. कधीतरी कुणीतरी करकचून आवळला असेल, तेव्हापासून धास्ती घेतलीय. म्हणून आमची रीत अशी, खोगीर चढवा, थोडं चालवा, तोवर तो दम सोडतो, मग पुन्हा आवळा, मग बसा. पहिला धडाच तो."

"मग हल्ली हा धडा कुठे गेला?"

"हल्ली खोगीर बाबांचे शिष्य चढवतात. आमच्या माणसांनी हात लावायचा नाही."

"आणि शालीखाली शिष्य काय करतात?"

रिसालदार जमिनीकडे बघू लागले. "अंदाज होता मला. पण पागा ओस पडली होती, डॉक्टरसाहेब. बाबा आले आणि माणसं आली. जनावरांच्या तोंडात घास पडायला लागला. म्हटलं, मंत्र म्हणून का होईना, तंग आवळतायत ना."

"ज्याच्या हातात दोरा आधीच आहे, त्याच्यासाठी फेऱ्या आणि शाल पुन्हा होते?"

"नाही. दोरा एकदाच. मग थेट बसायचं." हे बोलता बोलता रिसालदारांचा आवाज खाली गेला. दोघांनी एकदमच रिंगणाकडे पाहिलं.

ठकी मामंजींवर बसलेली होती. ती अंगाने हलकी, त्यातून चौथऱ्यावरून चढलेली, म्हणून खोगीर सरकलं नव्हतं. ते आता सरकणार होतं, उडी मारताना, हवेत. तिच्या डोक्यावर ऊन होतं आणि केसांची रिबीन होती. ती दांड्यांच्या दिशेने घोडा वळवत होती.

डॉक्टरने ओरडायला तोंड उघडलं. रिसालदारांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"ओरडू नका. धावू नका. तो बुजला तर उधळेल आणि पोर आत्ताच पडेल. मी दांड्यांपुढे आडवा जाऊन उभा राहतो. तुम्ही बाजूने जा. चालत. बोलत."

डॉक्टर कुंपणाच्या आत शिरला. आपली मुलगी सैल खोगिरावर बसलेली असताना हळू चालणं किती कठीण असतं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. पाय पळू म्हणत होते. बोलायचं काय, हे सुचत नव्हतं. मग तोंडात आलं ते रोजचंच. "या. बसा. घाबरू नका. खोकला किती दिवस आहे? श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या. सोडा." गर्दी हसायला लागली होती. मामंजींचे कान मात्र त्याच्याकडे वळले. ते थांबले. डॉक्टरने पुढे होऊन लगाम धरला.

"पप्पा, काय चाललंय तुमचं?" ठकी दातओठ खाऊन पण हळू आवाजात म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू देत. तंगाखाली हात घाल."

"तुमचं हे नेहमीचंच आहे. तुम्हाला कशावर विश्वास ठेवताच येत नाही."

डॉक्टरने आजूबाजूला पाहिलं. विवेक मंडळाचे सगळे सभासद आले होते. खजिनदार पहिल्याच रांगेत होते. त्याने शर्टाच्या बाहीचं बटण सोडलं आणि बाही कोपरापर्यंत वर केली.

लाल दोरा सगळ्यांना दिसला. 

"ठेवता येतो," तो म्हणाला. "बुधवारपासून ठेवलाय. मोटार सुरू करतानासुद्धा हात लावून बघतो. आता माझ्यासाठी नाही, तुझ्या आईसाठी म्हणून तंगाखाली हात घाल."

ठकीने त्या दोऱ्याकडे पाहिलं. मग ती उतरली आणि तिने पट्ट्याखाली हात घातला. बोटं गेली. तळवा गेला. अख्खी मूठ गेली. तिने खोगिराला हाताने जरासं ढकलून पाहिलं, तर ते गोल फिरलं. दांड्यांकडे बघताना तिचं तोंड पांढरं पडलं.

बाबा झगा सावरत आले. "संशय," ते म्हणाले. "पित्याच्या संशयाने तंग सैल झाला. संशयाची कंपनं चामड्यात उतरतात."

"असतील," डॉक्टर म्हणाला. "बघूनच घेऊ. घोडामैदान जवळच आहे. फक्त या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी दोरा काढू."

बँकेच्या साहेबांनी स्वतःचा दोरा दातांनी तोडला. रिसालदारांनी खोगीर चढवलं, मामंजींना थोडं चालवलं, ते सुस्कारा सोडेपर्यंत थांबले आणि शाल न टाकता, सगळ्यांना दिसेल असा तंग पुन्हा आवळला. पट्टा चांगला दोन भोकं वर गेला. साहेब चढले. मामंजींना त्यांचे सात जन्म त्या दिवशी आडवे आले नाहीत. साहेब रिंगणभर फिरून परत आले आणि म्हणाले, "अहो, शिष्य शालीखाली हेच करत होता. आवळत होता नुसता."

"आता उलटं," डॉक्टर म्हणाला. "दोरे पाहिजे तितके, पण दुसऱ्यांदा आवळायचं नाही."

ठकीने आपला दोरा काढून त्याच्या दुसऱ्या मनगटावर बांधला. कुंपणावरून आणखी दोरे आले. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले. इतका आशीर्वाद गावात कुणाच्याच अंगावर नव्हता. मोतद्दाराने हेल्मेटमधले हरभरे ओतले आणि डॉक्टरने ते डोक्यावर घालून हनुवटीखालचा पट्टा लावला. खोगीर चढलं, तंग बांधला. बाबांच्याच शिष्याने ओढून पाहिला, घट्ट होता. डॉक्टरने रिकिबीत पाय ठेवला. आपण पडणार हे माहीत असताना चढणं ही वेगळीच गंमत असते. मामंजींनी सुस्कारा सोडला. डॉक्टर बारावरून निघाला, पण या खेपेला सहावर थांबला नाही. त्याचं डोकं शेजारच्या लाकडी खांबावर ठक्कन आपटलं आणि मग तो मातीत उताणा झाला.

 ठकी धावली, मग आठवून चालत आली. हेल्मेटला कानाच्या वर हातभर नाही, पण बोटभर लांब तडा गेला होता. आत डॉक्टरचं डोकं पूर्वीइतकंच चांगलं होतं, म्हणजे फार नाही.

"सिद्ध झालं का?" त्याने पडल्या पडल्या विचारलं.

"झालं," बायको कुंपणापलीकडून म्हणाली. "आता उठा."

बाबांना तेवढ्यात आठवलं की त्यांना दुसऱ्या गावी तातडीचं बोलावणं आहे. दोऱ्यांचा गुंता रिंगणातच राहिला. मामंजींनी तो हुंगला, खाण्याजोगा नाही असं ठरवलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

रिसालदारांनी डॉक्टरला चार शब्द बोलायला सांगितलं. त्याच्याकडे चार हजार तयार होते. पण हातात तडा गेलेलं हेल्मेट होतं, म्हणून तो थोडक्यात बोलला. "दोऱ्याने कुणी पडलं नाही आणि दोऱ्याने कुणी वाचलंही नाही. दोरा बांधल्यावर आपण बघायचं थांबवतो, तिथे घात होतो. घोडा वाईट नाही. तो भितो, म्हणून दम धरतो. आपणही तेच करतो. तेव्हा देव आहे की नाही हा वाद आपण सावकाश, सावलीत बसून घालू. रिकिबीत पाय ठेवण्याआधी तेवढा तंग तपासा, डोक्यावर हेल्मेट घाला, आणि कुणी शाल टाकली तर ती उचलून आत काय चाललंय ते बघा. मी अध्यक्ष असून बघितलं नाही. तुम्ही नुसते सभासद व्हा, पण बघा."

खजिनदारांनी टाळी वाजवली. मग त्यांनी आपली बाही मनगटावर ओढली, जरा घाईने, असं डॉक्टरला वाटलं. 

प्रात्यक्षिक उशिरा का होईना, झालं. ठकीने हेल्मेट घातलं तेव्हा तिच्या कपाळावरून दोन हरभरे ओघळले. तिने मामंजींना चालवलं, त्यांच्या मानेवर थोपटत ती उभी राहिली, सुस्कारा आल्यावर तंग पुन्हा आवळला आणि बोटं घालून पाहिली. मग ती चढली. घोडा वळला, दौडत आला, दांड्यांपाशी त्याने पुढचे पाय उचलले आणि दोघं हवेत गेली. पलीकडे टाप वाजली. खोगीर जागच्या जागी होतं.

डॉक्टर कुंपण धरून उभा होता. चेहरा लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सोडा आता श्वास," ती म्हणाली.